पडद्यावरचा रॅप आणि खरेपणाची कसोटी



भद्रावतीच्या या साहित्य संमेलनाच्या मांडवात रॅपच्या सिनेमांवर कशाला बोलायचं, असं काही ज्येष्ठांना वाटेल. मी बोलणार आहे, कारण आपल्या विदर्भातली तरुण पोरं आज त्या चालीत मराठी कविता रचताहेत, आणि सिनेमा त्यांचं जगणं कसं दाखवतो हा लिहिणाऱ्यांच्याच काळजीचा विषय आहे.

११ ऑगस्ट १९७३ ही हिप हॉपची जन्मतारीख मानतात. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्कने बहिणीने ठेवलेल्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या. महामार्गाने चिरलेली, घरमालकांनी वाऱ्यावर सोडलेली ती वस्ती. दहा वर्षांनी आलेल्या ‘वाइल्ड स्टाइल’मध्ये दिग्दर्शक चार्ली एहर्न यांनी ली किन्योनेस, लेडी पिंक, ग्रँडमास्टर फ्लॅश ही हिप हॉपमधली खरी माणसं उभी केली. कथा सैल आहे, अभिनय कच्चा आहे. तरीही तो सिनेमा टिकला, कारण वस्तीचं बोलणं वस्तीच्याच तोंडी राहिलं.

आपल्याकडे २०१९ साली ‘गल्ली बॉय’ आला. दिग्दर्शक झोया अख्तर यांनी डिव्हाइन आणि नेझी या मुंबईच्या दोन रॅपरांवरून प्रेरणा घेतली. कुर्ल्याच्या नेझीने आयपॅडवर ‘आफत’चा व्हिडिओ केला होता, पडद्यावर नायक धारावीचा झाला. तो बदल मला खटकत नाही. अनेक गाण्यांचे शब्द रॅपरांचेच ठेवले, हे या सिनेमाचं मोठेपण. ‘इंडिया ९१’ या गाण्यात तर अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे ‘१०० आरबीएच’, आहे. वऱ्हाडातला आवाज एवढ्या मोठ्या हिंदी सिनेमाच्या संगीतात पोचला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

खटकतं ते वेगळंच. ‘आझादी’ गाण्यात विद्यार्थी आंदोलनातल्या घोषणांचा ठेका आला, पण मनुवादावरचा रोख गळला. गरिबी राहिली, ती कुणामुळे हे सांगणं गेलं. शेवटी नायक स्पर्धा जिंकून मोठ्या मंचावर चढतो आणि टाळ्या वाजतात. ‘एट माइल’ या सिनेमातला डेट्रॉइटचा रॅपर पोरगाही जिंकतो, पण त्याच रात्री कारखान्यातल्या उरलेल्या पाळीवर परत जातो. मला तो शेवट अधिक खरा वाटतो. आमच्याकडे खाणीतल्या पाळीवरून घरी आलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागणार नाही.

खरेपणाच्या या कसोटीवर मराठीतला सगळ्यात खरा सिनेमा कोणता विचाराल, तर मी चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’चं नाव घेईन. त्यात रॅप नाही, शाहिरी आहे. पण वस्तीत उभं राहून सत्तेला तोंडावर बोलायचं काम तेच आहे. लोकशाहीर नारायण कांबळेच्या भूमिकेत होते आपल्या नागपूरचे वीरा साथीदार, आयुष्यभराचे कार्यकर्ते, ‘विद्रोही’ या नियतकालिकाचे संपादक. गाणी संभाजी भगत यांची. कांबळे गातो, पकडला जातो, सुटतो, पुन्हा कामाला लागतो, पुन्हा पकडला जातो. त्याच्यासाठी कुठलाही विजयाचा मंच उभारलेला नाही. त्या चेहऱ्यावरचा थकवा साथीदारांनी चळवळीत कमावलेला होता. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने त्यांना नेलं, तेव्हा आपण एक नट गमावला असं छापून आलं. आपण त्याहून पुष्कळ गमावलं.

रसिकहो, असं तोंडावर गाणं झाडीपट्टीला, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाला, परकं नाही. आपल्या दंडारीच्या लोकनाट्यात गावातली भानगड त्याच हंगामात गाण्यात येते, आणि ज्यांच्यावर गाणं असतं ती माणसं पुढ्यात बसलेली असतात. लिहिणारा, गाणारा आणि ऐकणारा एकाच गावचा असला की खोटं बोलायला जागा उरत नाही.

म्हणून या संमेलनाकडे माझं एक मागणं आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत कॅमेरा येतो तो ताडोबाच्या वाघासाठी किंवा बंदुकीसाठी. उद्या तो इथल्या रॅप करणाऱ्या पोरांसाठी आला, तर ओळी त्यांच्याकडून फुकट घेऊ देऊ नका. पटकथेत त्यांचं नाव मागा, मानधन मागा, झाडीबोली प्रमाण मराठीत धुऊन घेऊ देऊ नका. असा करार वाचून देणारे वकील आणि लेखक या मांडवातच बसले आहेत. त्यांनी आजच आपली नावं संमेलनाच्या आयोजक मंडळाकडे नोंदवावीत, ही विनंती.