दोष गाडीचा की चालकाचा, हे ठरवायचे कोणी?

(वाहतूक क्षेत्रातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी भुवया उंचावल्या असतील. गाडीचे इंजिन बंद पडणे हा मिस्त्रीचा विषय. समाजवादी पक्षाच्या अभ्यासवर्गात त्याचे काय काम? परंतु मागच्या बैठकीत टॅक्सी चालवणाऱ्या आपल्या एका साथीने एक हकीकत सांगितली आणि ती ऐकल्यापासून हा विषय माझ्या मनातून जात नाही. कर्ज काढून घेतलेली त्याची नवी गाडी भर उतारावर, प्रवासी बसलेले असताना, अचानक बंद पडली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. वर्कशॉपने गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि सांगितले, 'दोष काही सापडत नाही, तुमच्या चालवण्यात काही चुकत असेल.' आठवड्याभरात ती पुन्हा बंद पडली. त्या साथीने मला विचारले, 'दोष गाडीचा की माझा, हे ठरवायचे कोणी?' हा प्रश्न यंत्रशास्त्राचा वाटतो, पण तो सत्तेचा आहे. गाडीविषयीचे ज्ञान ज्याच्या हाती, निवाडाही त्याच्याच हाती, अशी आजची व्यवस्था आहे. तिचे परिणाम किती भयंकर होऊ शकतात, हे पाहण्यासाठी मी तुम्हांला अमेरिकेतील एक प्रकरण सांगणार आहे. तेथील चौकशांमुळे त्याचे सारे धागेदोरे उघड झाले आहेत.

जनरल मोटर्स ही एकेकाळची जगातील सर्वांत मोठी मोटार कंपनी. तिच्या शेव्हर्लेट कोबाल्ट, सॅटर्न आयन वगैरे छोट्या गाड्यांत एक इग्निशन स्विच बसवलेला होता. किल्ली फिरवताना जो अडसर जाणवतो, तो या स्विचमधील स्प्रिंग आणि प्लंजर यांच्यामुळे असतो. हा अडसर कंपनीने स्वतःच ठरवलेल्या मापापेक्षा कमी होता. त्यामुळे किल्ल्यांचा जुडगा जड असला, रस्त्यात धक्का बसला किंवा चालकाचा गुडघा लागला, तरी किल्ली आपोआप मागे फिरे आणि चालत्या गाडीचे इंजिन बंद पडे. स्टिअरिंग जड होई, ब्रेकला मिळणारी यंत्राची मदत संपे. सर्वांत घातक गोष्ट अशी की, त्याच क्षणी एअरबॅगही निकामी होत. म्हणजे अपघात घडवणारा दोषच अपघातातून वाचवणारे साधनही काढून घेत होता.

हा दोष कंपनीला कधी कळला? विक्रीपूर्व चाचण्यांत त्याची पहिली नोंद २००१ साली झाली. २००४ आणि २००५ साली कोबाल्ट गाड्या चालता चालता बंद पडत असल्याच्या तक्रारी आल्या, कंपनीच्या अभियंत्यांनी स्वतः तो अनुभव घेतला. उपाय सुचवले गेले, आणि २००५ साली ते बाजूला ठेवण्यात आले, कारण त्यांपैकी एकही व्यापारी हिशेबात बसत नव्हता. लक्षात घ्या, प्रत्येक स्विचमागे वाढणारा खर्च एका डॉलरहूनही कमी होता. मग कंपनीने काय केले? डिसेंबर २००५ मध्ये विक्रेत्यांना एक सूचनापत्र पाठवले की, ग्राहकांना किल्ल्यांच्या जुडग्यातील अनावश्यक वस्तू काढायला सांगा. स्विच सदोष, आणि सुधारायचे कोणी, तर ग्राहकाने! 'तुमच्या चालवण्यात काही चुकत असेल' या वाक्याचेच हे अमेरिकी रूप होय.

पुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. २००६ साली स्विचची रचना गुपचूप बदलण्याला मंजुरी मिळाली, पण भागाचा क्रमांक तोच ठेवला गेला. यंत्रोद्योगात काम केलेल्या साथींना याचा अर्थ सांगायला नको. भाग बदलला की क्रमांक बदलतो, हा कारखान्यातील प्राथमिक नियम. तो मोडल्यामुळे जुना, जीवघेणा स्विच आणि नवा, सुधारलेला स्विच कागदावर एकच ठरले, आणि नंतर शोध घेणाऱ्यांची अनेक वर्षे दिशाभूल झाली. हा भेद कंपनीच्या अवाढव्य यंत्रणेने बाहेर आणला नाही. जॉर्जिया राज्यात २०१० साली अपघातात मुलगी गमावलेल्या आईवडिलांनी दावा लावला. त्यांच्या वकिलाने नेमलेल्या अभियंत्याने बाजारातून नवा स्विच विकत आणला, जुन्याशेजारी ठेवून दोन्ही उघडले आणि पाहिले, तर क्रमांक एक, पण आतील प्लंजर वेगळा!

त्याहीपूर्वी, २००७ साली, विस्कॉन्सिन राज्यातील एका वाहतूक पोलिसाने एका जीवघेण्या अपघाताची तपासणी करताना, किल्ली मागे सरकलेली असणे आणि एअरबॅग न उघडणे यांचा संबंध आपल्या अहवालात नोंदवला होता. तो अहवाल कंपनीच्या आणि सरकारी सुरक्षा खात्याच्या दप्तरात वर्षानुवर्षे पडून राहिला. खात्यातील एका अधिकाऱ्याने त्याच वर्षी या गाड्यांच्या चौकशीचा प्रस्ताव मांडला, तोही स्वीकारला गेला नाही.

अखेर फेब्रुवारी २०१४ मध्ये गाड्या परत बोलावण्यास सुरुवात झाली आणि काही आठवड्यांतच ही संख्या सुमारे २६ लाखांवर गेली. कंपनीनेच स्थापन केलेल्या भरपाई निधीने पुढे १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. २००१ ते २०१४, तेरा वर्षे! कंपनीने नेमलेल्या वकिलांच्या चौकशी अहवालात या विलंबाचे जे वर्णन आले, ते प्रत्येक कार्यकर्त्याने मनन करावे असे आहे. बैठकीत सर्वांनी माना डोलवायच्या आणि बाहेर पडल्यावर कोणी काहीच करायचे नाही; हाताची घडी घालून बोट दुसऱ्याकडे दाखवायचे. चालती गाडी बंद पडणे हा सुरक्षेचा प्रश्न नसून 'ग्राहकाच्या सोयी'चा प्रश्न आहे, असे अभियंत्यांनी ठरवून टाकले होते. 'दोष' यांसारखे शब्द लेखी मजकुरात वापरू नयेत, असे कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणात सांगितले जात होते. शब्दावर बंदी घातली की वस्तूही नाहीशी होते, ही समजूत हुकूमशहांची मक्तेदारी नाही, हे यावरून दिसते.

आणि ज्याने बोलायचे ठरवले त्याचे काय झाले? कंपनीतील गुणवत्ता तपासणीच्या एका कर्मचाऱ्याने गाड्यांतील दोषांविषयी आवाज उठवला, २००३ साली तो न्यायालयात गेला आणि हरला. त्याच्या जागी आलेल्या माणसाने पुढे चौकशीत कबूल केले की, आधीच्या माणसाची गत पाहून आपण कोबाल्टबाबत आग्रह धरायला धजावलो नाही. साथींनो, माझ्या मते या प्रकरणाचे मर्म येथे आहे. दोष नेमका ठाऊक असतो तो कामगाराला आणि तपासनिसाला, दोष भोगतो तो चालक आणि प्रवासी. आणि या दोघांमध्ये मौनाची भिंत उभी करतो तो नफ्याचा हिशेब.

शिक्षा काय झाली? मे २०१४ मध्ये सुरक्षा खात्याने साडेतीन कोटी डॉलर दंड केला, तेव्हाच्या कायद्यानुसार त्याहून अधिक करता येत नव्हता. २०१५ साली फौजदारी खटला स्थगित ठेवण्याच्या बदल्यात कंपनीने ९० कोटी डॉलर भरले. पंधरा कर्मचाऱ्यांना कामावरून काढले, तुरुंगात मात्र एकही जण गेला नाही.

येथे आपल्यालाही अंतर्मुख करणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. २००९ साली ही कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा अमेरिकी सरकारने सुमारे ५० अब्ज डॉलर ओतून तिला वाचवले. सरकार तिचे सर्वांत मोठे भागधारक बनले आणि त्याने शेवटचे भाग डिसेंबर २०१३ मध्ये विकले. म्हणजे या दोषाच्या इतिहासातील चार वर्षे ती कंपनी बव्हंशी जनतेच्या पैशावर उभी होती, तरीही जनतेला तिच्या दप्तरात डोकावता आले नाही. भांडवल सार्वजनिक झाले म्हणजे नियंत्रण सार्वजनिक होत नाही. आपण राष्ट्रीयीकरणाचा पुरस्कार केलेली माणसे आहोत, म्हणून हा धडा आपण विशेष लक्षात ठेवला पाहिजे.

आता आपल्या देशाकडे वळू. याच कंपनीने आपल्याकडे २०१३ साली सुमारे १ लाख १४ हजार टवेरा गाड्या परत बोलावल्या, तेव्हा प्रदूषण-चाचण्यांत आपल्याच कर्मचाऱ्यांनी गैरप्रकार केल्याचे तिला मान्य करावे लागले. २०१७ अखेर तिने भारतातील विक्री बंद केली आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावच्या कारखान्यातील उत्पादन थांबवले. तेथील कामगारांना आपल्या नोकऱ्यांसाठी दीर्घकाळ झगडावे लागले. कंपनी देश सोडून जाऊ शकते, कामगार आणि गाडीचा मालक कोठे जाणार?

सदोष गाड्या परत बोलावण्याची कायदेशीर सक्ती आपल्याकडे फार उशिरा आली. अमेरिकेत ती १९६६ साली आली, तीही कोणाच्या कृपेने नव्हे. राल्फ नेडर या तरुण वकिलाने १९६५ साली मोटारींच्या असुरक्षिततेवर पुस्तक लिहिले, याच जनरल मोटर्सने त्याच्यामागे गुप्तहेर लावले, आणि ते उघडकीस आल्यावर कंपनीच्या अध्यक्षाला सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. आपल्याकडे २०१२ पासून उत्पादकांची ऐच्छिक आचारसंहिता होती. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू झाले. दंडाची कमाल मर्यादा १ कोटी रुपये. मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात एवढी रक्कम शोधायला भिंग लागेल! शिवाय ही सक्ती सात वर्षांच्या आतील गाड्यांपुरतीच आहे. कोबाल्टचा हिशेब करून पाहा. २००५ साली विकलेल्या गाडीचा दोष २०१४ साली जाहीर झाला. आपला नियम तेथे असता, तर मौनाचे फळ म्हणून कंपनीला त्या गाड्यांबाबत सूटच मिळाली असती.

तेव्हा आपण काय करायचे? प्रथम जीव वाचवण्याविषयी. चालत्या गाडीचे इंजिन बंद पडले तर घाबरून किल्ली पूर्ण मागे फिरवू नका, काही गाड्यांत त्यामुळे स्टिअरिंगच अडकते. स्टिअरिंग जड झाले तरी वळते, दोन्ही हातांनी घट्ट धरा. ब्रेकला एक-दोन दाबांपुरती मदत शिल्लक असते, म्हणून पुन्हा पुन्हा न मारता एकदाच जोर लावून दाबून धरा. धोक्याचे दिवे लावा, डाव्या कडेला या, प्रवाशांना उतरवून रस्त्यापासून दूर उभे करा आणि मागे पुरेशा अंतरावर त्रिकोण ठेवा.

त्यानंतरची लढाई कागदाची आहे. तारीख, वेळ, किलोमीटर, वेग आणि समोर लागलेला दिवा यांची लगेच नोंद करा. वर्कशॉपच्या जॉबकार्डवर तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत लिहायला लावा आणि प्रत घेतल्याशिवाय हलू नका. तोंडी तक्रार ही कंपनीच्या दृष्टीने न घडलेली घटना असते. परिवहन खात्याकडे तक्रार नोंदवा. कायद्यानुसार रिकॉलचा आदेश निघण्यासाठी तक्रारींची संख्या हा एक आधार आहे, म्हणून एकट्याची तक्रार फायलीत मरते आणि शंभरांची तक्रार आदेश काढायला लावते. आपल्या प्रत्येक रिक्षा आणि टॅक्सी थांब्यावर अशा तक्रारींची वही असली पाहिजे. गाडीचे नाव, साल आणि दोष यांच्या तीन रकान्यांतून जे दिसेल, ते कोणतेही वर्कशॉप आपल्याला आपणहून सांगणार नाही.

आणि मागण्या स्पष्ट असू द्या. सात वर्षांची मर्यादा रद्द करा. वर्कशॉपमधील तक्रारींची गाडीवार आकडेवारी सरकारने गोळा करून जाहीर करावी. दुरुस्तीसाठी गाडी उभी राहील तितक्या दिवसांची रोजी कंपनीने चालकाला द्यावी. कारखान्यात दोष दाखवणाऱ्या कामगाराच्या नोकरीला कायद्याचे संरक्षण हवे. आपल्या रस्त्यांवर २०२२ या एका वर्षात १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांतील किती मृत्यूंच्या पंचनाम्यात 'चालकाचा निष्काळजीपणा' एवढेच लिहून गाडीची तपासणी नावापुरती उरकली गेली असेल? सर्वच अपघातांना गाडी जबाबदार असते, असे मी म्हणत नाही. चालकाची चूक असते, रस्त्याची असते, गाडीचीही असते. पण तपास न करताच चूक नेहमी सर्वांत दुबळ्या माणसाच्या नावावर लिहिली जाते, याला माझा विरोध आहे.

१९७२ च्या महागाईत मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकारी भगिनींनी लाटणे हाती घेऊन सरकारला जाब विचारला, तेव्हाही अनेकांना तेल-तुपाचे भाव हा राजकारणाचा विषय वाटत नव्हता. त्या भगिनींनी तो राजकारणाचा विषय केला. आपल्या टॅक्सीचालक साथीच्या प्रश्नाचे उत्तर मला आज एवढेच देता येते: दोष कोणाचा हे ठरवण्याचा अधिकार कंपनीकडे राहू देता कामा नये, तो आपण मिळवला पाहिजे. सुरुवात उद्या सकाळी आपल्या थांब्यावरच्या वहीने करा.