पत्ता बदलला तरी उपचार थांबू नयेत
(संस्थेच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभराच्या कामाचा अहवाल व जमाखर्च आपणांसमोर आहेतच. त्यांतील एकाच बाबीविषयी, म्हणजे रुग्णांच्या कागदपत्रांसाठी नेमलेल्या वैद्यकीय समाजसेवकांविषयी, आम्ही थोडे सविस्तर बोलू इच्छितो. रुग्णालयाने उपचार करावेत. अर्ज आणि दाखले यांत पैसा का घालावा, अशी पृच्छा काही हितचिंतकांनी केली आहे. तिचे उत्तर आपल्या परिसराच्या इतिहासातच सापडते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले, तेव्हा येथे सुमारे ९४ हजार विस्थापित राहत होते. त्यांच्या घरांचे आणि शेतीचे दस्तऐवज सीमेपलीकडचे होते. तरीही छावणीतील नोंद हाच त्यांचा पत्ता मानला गेला आणि त्या नोंदीवर शिधा व निवारा मिळाला. पुढे १९५० च्या कायद्याने मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे नोंदले गेले, तर १९५४ च्या कायद्याने भरपाई आणि पुनर्वसनाची व्यवस्था लावली. सरकारी मदतीत जे उणे राहिले ते पंचायती, दरबार, शाळा व दवाखाने काढून समाजाने भरून काढले. माणूस जिथे उभा आहे तिथेच त्याची नोंद करावी, हा त्या काळाचा धडा आहे.

आज अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, उल्हासनगरच्या जीन्स शिलाईच्या गाळ्यांत, बदलापूरच्या नव्या इमारतींवर आणि भोवतालच्या वीटभट्ट्यांवर राबणारे हात बाहेरगावाहून येतात. कोणी उत्तर प्रदेश-बिहारचे, कोणी मराठवाड्यातले, तर भट्ट्यांवर बहुधा आपल्याच ठाणे-रायगडमधील कातकरी कुटुंबे. हे सारे स्वतःच्याच देशात आहेत. मात्र त्यांचे नाव गावच्या दफ्तरात आणि संसार इथे, अशी त्यांची स्थिती आहे.

त्यांच्यासाठी योजना नाहीत असे मुळीच नाही. 'एक देश, एक शिधापत्रिका' ही व्यवस्था २०१९ मध्ये सुरू झाली. तिच्यामुळे कामकऱ्याला आपल्या वाट्याचे काही धान्य इथे व उरलेले कुटुंबाला गावी उचलता येते. असंघटित कामगारांसाठी ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम नोंदणी आहे. बांधकाम कामगारांना कल्याणकारी मंडळाचे लाभ मिळतात. पण त्यासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि दर दोन महिन्यांनी ठेकेदार बदलणाऱ्या मजुराला तो मिळवणे कठीण जाते. आयुष्मान कार्ड देशातील कोणत्याही अंगीकृत रुग्णालयात चालते. परंतु अनेकांचे कार्ड निघालेलेच नसते, अथवा निघाले आहे हे त्यांना ठाऊक नसते. योजना आणि रुग्ण यांच्यामध्ये एक कागद उभा असतो.

धर्मादाय रुग्णालयांनाही हे लागू आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक नुसार मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यावयाच्या आहेत. त्यासाठी देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. तातडीच्या रुग्णाकडून अनामत न घेता जीवरक्षक उपचार करणे बंधनकारक आहे. निधी आहे, खाट आहे, गरजूही दारात आहे. मात्र उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका शेकडो मैलांवरील पेटीत पडून आहे. ती मागवून घेणे, अर्ज भरून देणे आणि नातेवाइकांना धीर देणे, हे काम आमचे समाजसेवक करतात.

क्षयरोगाचे उदाहरण घ्या. साध्या क्षयरोगाचे उपचार साधारण सहा महिने चालतात. भट्टीचा हंगाम मात्र पावसाळ्यापूर्वी संपतो आणि कुटुंब गावाकडे निघते. औषध मध्येच सुटले तर रोग उलटतो, औषधांना दाद देईनासा होतो आणि घरातल्या लेकरांपर्यंत पोहोचतो. वास्तविक निक्षय प्रणालीतील रुग्णाचा क्रमांक देशभर चालतो व उपचार दुसऱ्या केंद्राकडे वर्ग करता येतात. पोषणासाठीची मदत २०१८ मध्ये दरमहा ५०० रुपये होती, ती नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली. हे सर्व साधण्यासाठी रुग्ण निघण्यापूर्वी कोणीतरी त्याला विचारावे लागते, "गावी कधी जाणार?" आणि तेथील आरोग्य केंद्राला कळवावे लागते. हा एक प्रश्न विचारणाऱ्या माणसाचे वेतन हीच ती खर्चाची बाब होय.

आपल्याच ठाणे जिल्ह्यात १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर 'भोंगाशाळा' काढल्या. मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीला भोंगा म्हणतात. मूल शाळेत येत नाही म्हणून शाळाच भोंग्यापाशी गेली. आरोग्यसेवेलाही हीच वाट धरावी लागेल.

विश्वस्तांस आमची विनंती आहे की समाजसेवकांच्या जागा कायम ठेवाव्यात. देणगीदारांनी खाटेसाठी देणगी देताना त्या खाटेपर्यंत रुग्णाला पोहोचवणाऱ्या या कामाचाही विचार करावा. रुग्णांच्या कुटुंबीयांना एवढेच सांगणे की, शिधापत्रिका व आयुष्मान कार्ड यांच्या प्रती जवळ बाळगाव्यात आणि गावी जाण्यापूर्वी आम्हांस अवश्य कळवावे. कागद नसला तरी संकोच न करता यावे. कागदाचे पाहण्यासाठी आम्ही आहोत.

हे गाव वसले ते आलेल्यांना सामावून घेऊन. तोच वारसा आपल्या सहकार्याने पुढे चालावा, अशी प्रार्थना आहे.