आधी सांधा तापवा, मग सोल्डर लावा

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या मंडपात बालगोपाळांपुढे केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आटोपशीर करून देत आहे.)



  मी काही वक्ता नाही. माझा सारा जन्म भिलाईच्या कारखान्यात उपकरणे दुरुस्त करण्यात गेला. हातात माईकपेक्षा सोल्डरिंग आयर्न जास्त शोभते. म्हणून आज त्याविषयीच बोलतो.

मी तेरा वर्षांचा असताना, म्हणजे १९७५ साली, मामांच्या गावी पहिल्यांदा टीव्ही पाहिला. अमेरिकेच्या उपग्रहाच्या मदतीने आपल्या इस्रोने खेड्यापाड्यांत शैक्षणिक कार्यक्रम पोहोचवण्याचा प्रयोग केला होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत तो चालला. त्या वेळच्या मध्य प्रदेशातला आपला रायपूरकडचा भाग त्यात होता. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, सुमारे दहा फूट व्यासाची छत्री उभी केलेली होती. सारे गाव चित्र पाहत होते. मी मात्र सेटच्या मागे जाऊन फटीतून आत डोकावत होतो. आत चांदीच्या थेंबांसारखे शेकडो ठिपके चमकत होते. मामांना विचारले, "हे काय?" ते म्हणाले, "डाख दिलाय रे, कल्हईवाल्यासारखा."

मामा फारसे शिकलेले नव्हते, पण त्यांचे उत्तर बरोबर होते. तुमच्यापैकी कितीजणांनी कल्हईवाला पाहिला आहे? तुमच्या आजीला विचारा. कल्हईवाला आधी भांडे भट्टीवर चांगले तापवतो. मग नवसागराची पूड टाकतो, भसकन धूर निघतो. मग कथलाची कांडी टेकवतो आणि बोळ्याने पुसत नेतो. कथील आरशासारखे पसरते. थंड भांड्यावर वितळलेले कथील ओतले तर काय होईल? गोळी होऊन घरंगळून जाईल. मुलांनो, सोल्डरिंगचे सारे शास्त्र एवढ्यात आले. आधी भांडे तापवायचे, मग कथील लावायचे.

तुमचे वडील, काका कारखान्यात वेल्डिंग करीत असतील. वेल्डिंगमध्ये जोडायचा धातूच वितळतो. सोल्डरिंगमध्ये तसे नाही. तांबे १०८५ अंशांना वितळते, आपण त्याच्या जवळपासही जात नाही. कथील २३२ अंशांना वितळते, शिसे ३२७ अंशांना. पण दोघे एकत्र केले की गंमत होते. मिश्रण १८३ अंशांनाच पातळ व्हायला लागते, दोघांपेक्षाही लवकर! सुपेल्याच्या बाजारात दुकानदार ज्याला 'रांगा' म्हणतो ती तार म्हणजे हेच मिश्रण. त्यावर ६०/४० लिहिलेले असते, म्हणजे ६० भाग कथील आणि ४० भाग शिसे. तारेच्या पोटात राळ भरलेली असते. ती नवसागराचे काम करते, तांब्यावरचा गंज काढते. पत्र्याचे डबे झाळणारे कारागीर आम्लाचे पाणी वापरतात, ते इथे कधीही वापरू नका. ते मागे राहते आणि पुढे तार खाऊन टाकते.

आता कृती सांगतो.

२५ वॅटचे आयर्न नवशिक्यांना पुरते. टोक तापले की ओल्या स्पंजवर पुसा आणि त्यावर किंचित सोल्डर लावा. टोक चकचकीत दिसले पाहिजे. काळे पडलेले टोक उष्णता पुढे देत नाही. हल्लीच्या टोकांवर लोखंडाचा पातळ मुलामा असतो, म्हणून कानस मारू नका.

जोडायच्या तारा आणि पट्टी स्वच्छ करा. आयर्नचे टोक असे टेकवा की ते पट्टी आणि पाय दोघांनाही लागेल. मनात एक-दोन म्हणा. आता सोल्डरची तार दुसऱ्या बाजूने सांध्याला लावा, टोकाला नव्हे. सांधा तापला असेल तर सोल्डर आपणहून पसरेल. मग आधी तार काढा, नंतर आयर्न. सारे काम तीन-चार सेकंदांचे. जास्त वेळ लावाल तर तांब्याची पट्टी बोर्डावरून उचलली जाईल.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गोठेपर्यंत हात हलवू नका. ६०/४० सोल्डर एकदम गोठत नाही. १९० अंशांच्या आसपासपासून १८३ अंशांपर्यंत ते शिऱ्यासारखे असते, ना धड पातळ ना घट्ट. त्या क्षणी तार हलली की आत भेगा पडतात. वरून सांधा झालेला दिसतो, आत मात्र नुसता टेकलेला असतो.

चांगला सांधा लहानशा टेकडीसारखा असतो, कडा पट्टीत विरून गेलेल्या. वाईट सांधा गोळीसारखा फुगलेला किंवा रवाळ, निस्तेज दिसतो. मात्र बिनशिशाचे सोल्डर चांगले लागले तरी थोडे निस्तेजच दिसते. २००६ साली युरोपात विजेच्या बहुतेक वस्तूंतून शिसे हद्दपार झाले, म्हणून कारखान्यांत आता तेच जास्त वापरतात. ते वितळायला २१७ अंशांपुढे तापवावे लागते.

आता एक गोष्ट सांगतो. घरच्यांखेरीज ती मी कोणाला फारशी सांगितलेली नाही.

सन १९८७. मी पंचविशीत होतो आणि स्वतःला मोठा इंजिनियर समजत होतो. गणपतीच्या कमानीसाठी पळते दिवे केले. ५५५ नंबरची आयसी ठोके देते आणि ४०१७ नंबरची आयसी दहा वाटांना आळीपाळीने चालू करते. सर्किट बोर्ड मन लावून केला, सगळ्यांनी वाहवा केली. पण २३० व्होल्टची तार जोडताना रात्रीचे दोन वाजले होते. डोळ्यांवर झोप होती. सोल्डर गोठायच्या आत तार हलली. मला ते दिसले. "उद्या बघू" असे म्हणून मी टेप गुंडाळली.

उद्या कधी आलाच नाही. तिसऱ्या दिवशी वाऱ्याने कमान हलत होती. तार सुटली आणि लोखंडी पाइपाला लागली. माझा मावसभाऊ तोरण बांधायला शिडीवर चढलेला होता. त्याने पाइप धरला, झटका बसला आणि तो खाली पडला. हातातून पाइप सुटला म्हणून वाचला. मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. मावशी मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

चूक सर्वस्वी माझी होती. एक सांधा कच्चा राहिला, हे झालेच. पण त्याहून मोठी चूक अशी की मी सोल्डरच्या भरवशावर तार लटकत ठेवली. सोल्डर वीज वाहून नेण्यासाठी असते, वजन पेलण्यासाठी नव्हे. तार आधी आकडा करून अडकवावी, वेगळी क्लिपने बांधावी, वर नळी चढवावी. आणि लोखंडी कमानीला अर्थिंग हवेच हवे. हल्ली ३० मिलिअँपिअरवर तुटणारा आरसीसीबी मिळतो. मंडपाच्या लाइनवर तो असल्याशिवाय एकही दिवा लावू नये, अशी माझी पदाधिकाऱ्यांना हात जोडून विनंती आहे.

मुलांनो, तुम्ही फक्त बॅटरीवर काम करा. पहिला प्रयोग सांगतो. ९ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा रेझिस्टर, एक लाल एलईडी आणि एक बटण. एलईडीचा लांब पाय धन बाजूला. चार-पाच सांधे झाले की दिवा लागेल. नाही लागला तर निराश होऊ नका, एकेक सांधा पुन्हा तापवून पाहा. खिडकी उघडी ठेवा, राळेचा धूर छातीला चांगला नाही. आयर्न नेहमी स्टँडवर ठेवा. आणि सोल्डरमध्ये शिसे असते, म्हणून प्रसाद घेण्यापूर्वी हात साबणाने धुवा.

माझा मावसभाऊ आज पन्नाशीपुढचा आहे. अजूनही मंडपाची वायरिंग झाली की तो मला बोलावतो. मी एकेक जोड हलवून पाहतो, तो बाजूला उभा असतो. तपासून झाले की दर वर्षी एकच प्रश्न विचारतो, "दादा, उद्या बघायचं काही राहिलं नाही ना?"

तुम्हीही काम संपवताना स्वतःला हाच प्रश्न विचारत जा.