स्टॅन्ली फॉल्सहून लिहिलेलं पत्र

एसटीनं, मोटारसायकलवरून, कुणी कालच्या मुक्कामी गाडीनं आलेल्या माझ्या वार्ताहर बंधुभगिनींनो,

स्वागताध्यक्षानं आपल्या गावाची थोरवी सांगावी असा प्रघात आहे. ती स्मरणिकेत छापली आहे, सवडीनं वाचा. मला मिळालेला वेळ मी एका परक्या देशातल्या पत्रकाराला देणार आहे. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, पण जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स हे नाव मला निवृत्तीनंतर भेटलं, आणि तेव्हापासून ते मनातून जात नाही.

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना. ते दास्य मोडण्यासाठी जे लढले, त्यांत पेनसिल्व्हेनियातला चौदा वर्षांचा एक कृष्णवर्णी पोरगा होता, तेच हे विल्यम्स. वय चोरून १८६४ साली तो सैन्यात शिरला. युद्ध संपल्यावर मेक्सिकोत लढला, मग पुन्हा अमेरिकी घोडदळात गेला आणि फुप्फुसाला गोळी लागून घरी आला. पुढे धर्मोपदेशक, वकील, ओहायोच्या विधिमंडळातले पहिले कृष्णवर्णी सदस्य. वॉशिंग्टनला स्वतःचं पत्र काढलं, ते आठ अंकांत बंद पडलं. पत्र काढून बुडालेली माणसं या मंडपात असतील, त्यांना त्याचं दुःख मी काय सांगणार? विल्यम्स मात्र थांबले नाहीत. आपल्या समाजाचा दोन खंडांचा इतिहास त्यांनी लिहिला. त्यासाठी बारा हजारांवर ग्रंथ पाहिल्याचं त्यांनी प्रस्तावनेत नोंदवलंय. १८८५ साली हैतीतले अमेरिकेचे राजदूत म्हणून त्यांची नेमणूक झाली, पण लगेच सरकार बदललं आणि नव्या सरकारनं त्यांना त्या पदावर जाऊ दिलं नाही.

मला सांगायचंय ते यापुढचं. आफ्रिकेतला काँगो तेव्हा बेल्जियमच्या राजा लिओपोल्डची खाजगी मालमत्ता होता. गुलामांचा व्यापार मोडून तिथं सुधारणा आणायची, असं राजा जगाला सांगे आणि जग मान डोलावी. विल्यम्सही डोलावत होते. १८८९ साली ब्रुसेल्सला त्यांनी राजाची मुलाखत घेतली आणि राजाबद्दल चांगलंच लिहिलं. तेवढ्यावर भागलं असतं. पण आपण ज्याची स्तुती केली ते डोळ्यांनी पाहायचं त्यांनी ठरवलं. राजानं जाऊ नका म्हणून सुचवलं, तरी १८९० साली ते गेले. महिनोन् महिने नदीच्या वाटेनं आत आत जात राहिले, वाटेत लोकांना विचारत राहिले.

त्यांनी काय टिपलं ते ऐका. गावच्या मुखियाला भुलवायला गोरा माणूस कोटाच्या बाहीखाली विजेच्या बॅटरीची तार लपवी. हस्तांदोलन करताच मुखियाला असा झटका बसे, की या गोऱ्याच्या अंगात अमानुष बळ आहे असं त्याला वाटावं. दुसरा भिंगानं ऊन एकवटून चिरूट पेटवी आणि सांगे, सूर्य माझ्या शब्दात आहे, म्हणाल तर गाव जाळून दाखवतो. दारूच्या काही खोक्यांवर अख्खी गावं लिहून घेतली जात. रुग्णालयांचं म्हणाल तर आजारी आफ्रिकी नोकरांसाठी नदीच्या मुखापासून उगमापर्यंत तीन पडव्या, घोडाही बांधू नये अशा. पडव्या तीन, हे त्यांनी मोजून लिहिलं. बातमी मोजून लिहायची म्हणजे काय, हे मला या ‘तीन’नं शिकवलं.

१८ जुलै १८९० रोजी स्टॅन्ली फॉल्स या ठाण्यावरून त्यांनी राजाला उघडं पत्र लिहिलं. माणसं पकडणं, विकणं, गावं जाळणं असे एकेक करून बारा आरोप, खाली स्वतःचं नाव. मग आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना लिहिताना ‘मानवतेविरुद्ध गुन्हे’ हे शब्द वापरले. हे शब्द ज्यांत गाजले ते नाझींवरचे न्यूरेंबर्गचे खटले तेव्हा अर्धशतक दूर होते.

ब्रुसेल्समध्ये आरोपांना उत्तर देण्याऐवजी माणसाची अब्रू काढायचं काम सुरू झालं. विल्यम्स धुतल्या तांदळासारखे नव्हते. कर्जं होती, न मिळालेली कर्नलची पदवी ते लावत. मला वाटतं, हे लपवू नये. पडव्या तरीही तीनच होत्या. परतीच्या वाटेवर क्षयानं गाठलं आणि २ ऑगस्ट १८९१ रोजी इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलला, एक्केचाळिसाव्या वर्षी ते गेले. काँगो राजाच्या हातून सुटायला १९०८ उजाडलं. तोवर हा लढा इतरांनी चालवला, आणि विल्यम्स यांचं नाव मागे पडलं. त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसला १९७५ साली, चौऱ्याऐंशी वर्षांनी. जॉन होप फ्रँकलिन या इतिहासकारानं कबर शोधून काढली, म्हणून.

मित्रहो, ऊसतोडीच्या फडावर, चारा छावणीत, कोरड्या नळयोजनेच्या टाकीखाली तुम्ही उभे राहता, आणि सकाळी बातमीवर नुसतं ‘वार्ताहर’ छापून येतं. म्हणून स्वागत समितीनं यंदा एक केलंय. मंडपाच्या दाराशी डाव्या हाताला फळा आहे. तालुक्यातल्या प्रत्येक वार्ताहराचं नाव आणि गाव आमच्या शाळेतल्या मुलींनी त्यावर खडूनं लिहिलंय. एखादं राहिलं असेल. खडू तिथंच ठेवलाय. चहाला जाताना आपलं नाव पाहून घ्या, नसेल तर लिहा. त्यानंतरच आपण दीपप्रज्वलन करू.