रक्तातच आहे, मग इलाज काय?



वाशीम, रिसोड, मंगरूळपीर, कुठल्याही गावच्या ओसरीवर बसा, एखाद्या घरी हे बोलणे कानी पडतेच : "आबाले आता काई आठवत नाई. त्याईच्या बापाचंही असंच झालतं. रक्तातच हाय ते, आता काय करतं?" असे म्हणून घरचे हात टेकतात, आणि पन्नाशीचा मुलगा मनातल्या मनात आपली पाळी मोजू लागतो. पण रक्तात आहे म्हणजे कपाळीच लिहिले आहे का?

आजार आहे स्मृतिभ्रंशाचा. त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार अल्झायमर. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी तो १९०६ साली प्रथम मांडला. त्यात मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीचा अंदाज असा, की भारतात साठीपुढच्या शंभर माणसांत सातांहून अधिकांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे.

आता रक्ताचे पाहू. आपल्याकडे पुष्कळ घरी पोथी असते. छापलेली पोथी सर्वांची सारखीच. पण एका घरी तिची पाने रोज उलगडतात, दुसऱ्या घरी ओलीने चिकटून बसतात. अक्षर एकही बदलत नाही, तरी चिकटलेले पान वाचता येत नाही. आईबापांकडून आलेली जनुके ही अशीच पोथी. मेथिल नावाचे बारीक रासायनिक कण जनुकाला चिकटले, की बहुधा ते मिटते. सुटले, की उघडते. ही उघडमीट अभ्यासणारे शास्त्र म्हणजे एपिजेनेटिक्स. पुण्याच्या आयसर संस्थेतही त्याचे संशोधन झाले आहे.

मधमाशीच पाहा ना! राणी आणि कामकरी एकाच तऱ्हेच्या अंड्यांतून निघतात. अळीला खाणे कोणते मिळाले, त्यावर एक राणी होते, दुसरी राबते. २००८ साली ऑस्ट्रेलियात अळ्यांतली मेथिल चिकटवण्याची क्रिया दाबून पाहिली, तर बहुतेक अळ्या राणीसारख्या वाढल्या.

माणसाचे काय? २०१४ साली इंग्लंड-अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी अल्झायमरने ग्रासलेल्या माणसांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. काही जनुकांवरच्या मेथिलच्या खुणा बदललेल्या दिसल्या. मात्र त्या आजाराचे कारण की परिणाम, हे अजून पक्के ठरलेले नाही. खुणा पुसून आजार बरा करणारे औषधही आज नाही. तसे कुणी विकायला आले, तर पैसे देऊ नका.

काही मोजक्या घराण्यांत एका जनुकापायीच आजार येतो, हे खरे. पण ती विरळा. 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली टाळता येण्यासारखी चौदा कारणे सांगितली : वाढलेला रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बहिरेपण, एकटेपणा, अपुरे शिक्षण इत्यादी. ती सारी दूर झाली, तर शंभरांतील सुमारे पंचेचाळीस जणांचा स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा हिशेब.

तेव्हा आबांना आधी डॉक्टरांना दाखवा. थायरॉईड बिघडल्याने किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यानेही विसर पडतो, आणि त्यावर उपचार आहेत. त्यांचे कान तपासा. चार माणसांत त्यांना बसवा. आणि पन्नाशीच्या मुला, तू आपली पाळी मोजू नकोस. रक्तदाब मोजून घे.