अंड्याचं कवच ज्वारीतून येत नाही

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणं झालं. आता कोंबडीचा विषय निघाला म्हटल्यावर काही जण चहाला उठतील. खुशाल उठा, पण मायबहिणींना बसू द्या. कापसाचा पैसा येतो हंगामात एकदा, आणि तो सोसायटीत अन् दुकानदाराच्या उधारीत वळता होतो. घरातलं तेलमीठ आणि पोराची वही येते ती अंड्याच्या पैशातून. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं, तेव्हापासून बाईच्या कष्टाचं मोल आपण मागतो आहोत. मग तिच्या हातचा हा पैसा कुठं गळतो, तेही बघितलं पाहिजे.

तो गळतो कवचात. कवच पातळ झालं की अंडं खुराड्यात फुटतं, बाजाराच्या टोपलीत तडकतं. कधी तर नुसत्या कातडीचं अंडं पडतं. एकदा फुटलेलं अंडं चाखलं की कोंबडी स्वतःच अंडी फोडायला शिकते. मग बाया म्हणतात, नजर लागली.

हिशेब करू. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. १०० ग्रॅम ज्वारीत ते असतं २५ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका कवचापुरतं कॅल्शियम नुसत्या ज्वारीतून काढायचं तर कोंबडीनं ८ किलो ज्वारी खायला पाहिजे! ती खाते दिवसाला शंभरेक ग्रॅम. मग उरलेलं ती आणते कुठून? आपल्या हाडांतून. सगळ्या हाडांत मिळून तिच्याजवळ वीसेक ग्रॅम असतं. ते उपसत गेली की आधी कवच पातळ, मग अंडी बंद, शेवटी पाय लुळे. भांडवल मोडून कर्जाचा हप्ता भरणारा शेतकरी आणि ही कोंबडी, दोघांची गत एकच.

गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी घालते, मधे खुडूक बसते, दिवसभर उकिरड्यावर फिरून गोगलगायीचे शिंपले, काळ्या रानातले चुनखडीचे खडे टिपते. तिचं बरंचसं भागतं. भिंतीचे पोपडे टोचायला लागली तर समजा, कमी पडतंय. पण गिरिराजा, वनराजा, ग्रामप्रिया अशा सुधारित जाती आणल्या, तर अंडी वाढतात आणि चुन्याची भूकही वाढते. अंड्यावर असलेल्या अशा कोंबडीला रोज साडेतीन-चार ग्रॅम कॅल्शियम लागतं, कारण खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही. ते १० ग्रॅम शिंपल्यात किंवा चुनखडीत मिळतं. दहा कोंबड्यांना रोज १०० ग्रॅम, बस.

शिंपला पीठ करून देऊ नका. ज्वारीच्या दाण्याएवढी भरड ठेवा. कवच बनायला वीसेक तास लागतात, आणि त्यातलं बहुतेक काम रात्री चालतं. भरड खडे पोटात टिकतात आणि रात्रभर थोडे थोडे विरघळतात. पीठ लवकर निघून जातं. म्हणून भांडं दिवेलागणीच्या आधी भरलेलं पाहिजे. दाण्यात कालवू नका, वेगळ्या भांड्यात ठेवा. जिला गरज ती खाते. कालवलं तर पिल्लं आणि तलंगाही खातात, आणि अंड्यावर न आलेल्या पाखराला जास्त चुना गेला की मूत्रपिंड बिघडतं.

पानाचा चुना, भिंतीला द्यायचा विरवलेला चुना देऊ नका, तो आतडी जाळतो. घरातली अंड्याची टरफलं मात्र फेकू नका. तव्यावर चांगली भाजून पाट्यावर भरडा. टरफलाचा आकार राहू देऊ नका, नाहीतर अंडं फोडायची सवय लागेल.

आता आपल्या दोन पिकांबद्दल. पावसात काळी पडलेली ज्वारी व्यापारी कोंबडीचं खाद्य म्हणून मातीमोल भावानं उचलतो, आणि बाया तीच कोंबडीपुढं टाकतात. नुसता रंग गेला असेल तर चालेल. बुरशीचा वास येत असेल तर नको. बुरशीचं विष यकृतावर बसतं, मग शिंपला देऊनही कवच धरत नाही. सरकीची ढेप तर अंड्याच्या कोंबडीला नकोच. ठेवलेल्या अंड्याचा बलक हिरवट होतो, गिऱ्हाईक परत येत नाही.

उन्हाळ्यात आपल्याकडं शिंपला देऊनही कवच पातळ पडतं. कोंबडी धापा टाकते, तेव्हा कवचाला लागणारा कर्बवायू श्वासावाटे निघून जातो, आणि खाणंही कमी होतं. दाणा पहाटे आणि सांजेला टाका, सावलीत माठातलं गार पाणी ठेवा.

महागड्या बाटलीच्या नादी रोज लागायचं कारण नाही. एका कोंबडीला वर्षाला दोन-अडीच किलो शिंपला पुरतो. कोंबडीखाद्याच्या दुकानात तो पोत्यानं मिळतो. एका घराला पोतं जड होईल, तर पाच-सात घरांनी मिळून आणा आणि मापानं वाटून घ्या.