मार्गाची माणसे

श्रोतेहो, ख्रिस्ती माणूस ओळखावा कशावरून? आपण चटकन सांगू, नावावरून. रविवारी देवळात जातो त्यावरून. नाताळात दारावर चांदणी लावतो त्यावरून. परंतु बायबलातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात एक गंमतीची गोष्ट आढळते. येशूच्या शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव अंत्युखियात पडले. त्याआधी त्यांना त्या ‘मार्गाची’ माणसे म्हणत. मला हे जुने नाव फार आवडते. कारण नाव लावून घेतले की ते लागते. मार्ग मात्र रोज चालावा लागतो. काल चाललो म्हणून आज भागत नाही.

हा मार्ग कोठून जातो, हे येशूने डोंगरावरील प्रवचनात अगदी व्यवहाराच्या भाषेत सांगितले आहे. त्याचे सांगणे थोडक्यात असे : तू अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे तुला आठवले, तर अर्पण तेथेच ठेव. आधी जा, भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण वाहा.

ऐकायला हे सोपे वाटते. पण जरा नकाशा डोळ्यांपुढे आणा. ऐकणारे लोक गालील प्रांतातले, शेतकरी आणि मासे धरणारे. अर्पणाची वेदी यरुशलेमेच्या मंदिरात, म्हणजे शंभर किलोमीटरहूनही दूर. तीन-चार दिवस पायी चालून गेलेल्या माणसाला हा गुरू सांगतो, अर्पण ठेव आणि परत फिर! पुन्हा तेवढीच वाट तुडवून गावी जा, भावाच्या दारात उभा राहा आणि मग पुन्हा ये. म्हणजे त्या बिचाऱ्याची आणखी सहा-आठ दिवसांची पायपीट! देवाची भक्ती थोडी थांबली तरी चालेल, भावाशी समेट थांबता कामा नये, असाच याचा अर्थ झाला. शिवाय शब्द पाहा. ‘तुझ्या मनात भावाविषयी राग असेल तर’ असे तो म्हणत नाही. ‘भावाच्या मनात तुझ्याविषयी असेल तर’ असे म्हणतो. चूक कोणाची याचा निवाडा होईपर्यंत थांबायचे नाही. ज्याला आठवले त्याने उठायचे.

आपल्या महाराष्ट्रात या मार्गावर चाललेली एक बाई सर्वांच्या परिचयाची आहे. लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगले. काही वर्षे लक्ष्मीबाई वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्या तरी त्यांचे सोवळे कायम होते. पाणी वेगळे, चूल वेगळी. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंनी आपल्या मनाशीच विचार केला की, ही जात देवाने केली की माणसाने? माणसानेच केली, असे त्यांना पटले आणि त्यांनी विटाळ टाकला. बाप्तिस्मा त्यांनी घेतला तो त्यानंतर, १९०० साली. ‘स्मृतिचित्रे’त हे सारे आले आहे. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. देवळात जाण्याच्या आधी त्यांचा मार्ग पाण्याच्या घागरीवरून गेला.

आणि आम्ही? उपासनेला एका बाकावर बसणारे, एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारे आम्ही ख्रिस्ती लोक, सोयरीक जुळवताना मात्र हळूच विचारतो, ‘मूळचे कोण?’ लक्ष्मीबाईंनी जो प्रश्न चुलीपाशी बसून सोडवला, तो आम्ही अजून मांडवाच्या दाराशी अडवून धरला आहे.

दुसऱ्याकडे बोट दाखवतो आहे, तर स्वतःचेही सांगितले पाहिजे. गावाकडे माझी थोडी जमीन आहे, शेजारी चुलत्याच्या मुलाची. आमच्या वाटेकऱ्याने दरसाल नांगरताना त्याचा बांध कोरला. मला ते ठाऊक होते आणि मी गप्प होतो. त्यावरून आमचे बोलणे तुटले, ते सहा वर्षे. एका रविवारी गावच्या देवळात, मी शिकलेला म्हणून, वचन वाचायला मलाच उभे केले. वाचायचा भाग नेमका हाच, वेदीचा आणि भावाचा. घरी परतताना आई म्हणाली, “वाचलंस छान. ते आपल्या बांधाचंच होतं ना रे?”

श्रोतेहो, मी यावर व्याख्यान देऊ शकलो असतो. पण त्याच्या घरापर्यंतची दोन शेते ओलांडायला मला आणखी तीन आठवडे लागले. गेलो, तेव्हा त्याने मिठी मारली नाही. पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाला, “इतकी वर्षं कुठं होतास?” याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही दोघांनी मिळून दोरी धरली आणि बांध होता तेथे घातला. मनातले अंतर अजून सगळे मिटलेले नाही. पण आता रस्त्यात भेटलो की दोघेही थांबतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपण मुलांना क्षमा, प्रेम, समता हे शब्द लिहायला शिकवतो. त्यांचे शुद्धलेखन आपण तपासतो. पण मुले आपले वागणे तपासत असतात. वर्गात दोन मुले भांडली आणि आपल्याच हातून एकावर अन्याय झाला, तर “चुकलो बाळ” एवढे म्हणून पाहावे. तो धडा कोणत्याही पुस्तकात सापडायचा नाही.

येशूचा मार्ग शोधायला फार लांब जायला नको. तो पाण्याच्या घागरीवरून, सोयरिकीच्या बैठकीतून आणि शेताच्या बांधावरून जातो. आज रात्री निजताना कोणाचे तरी नाव आपल्याला आठवेल. सकाळी त्याच्या दाराकडे निघावे, म्हणजे मार्ग सापडला.